कॉलेज बंद पडल्यावर जीआय बिलाचे महिने परत मिळवण्याचा नेमका क्रम

अमेरिकी सैन्यातून बाहेर पडलेले, किंवा नवऱ्याच्या, बायकोच्या, आईवडिलांच्या सेवेवर मिळालेल्या जीआय बिलावर (सैनिकांच्या आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारी अमेरिकी सरकारची योजना) शिकणारे अनेक जण एकच चूक करतात. कॉलेज किंवा ट्रेड स्कूल मध्येच बंद पडते. ते घाईने दुसरीकडे प्रवेश घेतात, जुने क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचे मोजमाप) जमतील तेवढे वळते करतात आणि सहा महिन्यांनी लाभ परत मागायला जातात. तोवर पूर्ण परतफेडीचा हक्क त्यांनी स्वतःच्या सहीने सोडलेला असतो. कायदा त्यांच्या बाजूने आहे, पण तो क्रम पाळणाऱ्याला पावतो. म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि क्रमानेच करा.

जीआय बिलाखाली साधारणपणे ३६ महिन्यांचा लाभ मिळतो. संस्था बंद पडल्यावर परत मिळतात ते हे महिने. रोख रक्कम खात्यात येत नाही. ही गोष्ट मनात पक्की नसली तर पुढचा प्रत्येक टप्पा गोंधळाचा होतो.

## टप्पा १: तुम्हाला कोणता नियम लागतो ते तारखेवरून ठरवा

सगळ्यात आधी संस्था बंद पडल्याची अधिकृत तारीख शोधा. दारावर कुलूप दिसले तो दिवस, ईमेल आला तो दिवस आणि अधिकृत तारीख या तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. राज्याची मान्यता यंत्रणा आणि व्हीए (अमेरिकेचे माजी सैनिक खाते) यांच्या नोंदीतली तारीख धरा.

- १ जानेवारी २०१५ ते १५ ऑगस्ट २०१७: या काळात बंद पडलेल्या संस्थांसाठी २०१७ च्या कोलमरी कायद्याचे कलम १०९ मागे जाऊन लागू होते. क्रेडिट तुल्य, म्हणजे मिळत्याजुळत्या, अभ्यासक्रमात वळते झाले नसतील, तर त्या संस्थेत घालवलेला सगळा काळ परत मागता येतो. सप्टेंबर २०१६ मध्ये बंद झालेले आयटीटी टेक या गटात येते.
- १६ ऑगस्ट २०१७ नंतर: ज्या सत्रात खंड पडला त्या सत्रापुरतीच परतफेड. मार्च २०१९ मध्ये बंद झालेल्या आर्गोसी विद्यापीठाचे विद्यार्थी या गटातले.
- १ ऑगस्ट २०२१ पासून: ५ जानेवारी २०२१ ला सही झालेल्या आयझॅकसन-रो कायद्याच्या कलम १०२१ ने मोठी सवलत दिली. तुल्य अभ्यासक्रमात १२ पेक्षा कमी क्रेडिट वळते केले असतील, तर ते मिळालेच नाहीत असे धरून त्या अभ्यासक्रमावर खर्च झालेला पूर्ण लाभ परत मिळू शकतो. ही सवलत मुदतीची आहे. तुमच्या संस्थेच्या तारखेला ती लागू होते का, हे अर्ज करण्याआधी व्हीएच्या शिक्षण हेल्पलाइनला विचारून घ्या: ८८८-४४२-४५५१.

कोविडमध्ये नोकरी गेलेल्यांसाठीचा व्हीआरआरएपी हा १२ महिन्यांचा पुनर्प्रशिक्षण कार्यक्रम वेगळा होता. त्यातल्या संस्था बंद पडल्या किंवा त्यांची मान्यता गेली, तेव्हा लाभ परत देण्यासाठी जून २०२२ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. कार्यक्रम त्याच वर्षाच्या डिसेंबरात संपला. खालच्या पायऱ्या जीआय बिलाच्या आहेत, त्या व्हीआरआरएपीला लावू नका.

अपंगत्वावर आधारित चॅप्टर ३१ या व्हीएच्या पुनर्वसन योजनेत असाल तर सगळ्यात आधी तुमच्या समुपदेशकाला फोन करा. तिथे शिक्षण तुमच्या लेखी योजनेप्रमाणे चालते आणि संस्था बदलायची तर ती योजनाच बदलावी लागते.

> तपासा: संस्था बंद पडली आहे, की फक्त मान्यतेचा दर्जा गेला आहे, की एकच कॅम्पस हलवला आहे? हा कायदा संस्था बंद पडणे आणि अभ्यासक्रमाची मान्यता काढली जाणे यांसाठी आहे. संस्थेचे नाव वाईट झाले म्हणून तुम्ही आपण होऊन सोडले, तर लाभ परत मिळत नाही.

## टप्पा २: अफवेवर नाव काढू नका

बंद पडणार अशी कुजबुज सुरू झाली की हुशार विद्यार्थी सगळ्यात आधी निघून जातात आणि इथेच फसतात. परतफेडीसाठी तुम्ही संस्था बंद होताना तिथे नोंदलेले असायला हवे, किंवा मंजूर रजेवर, किंवा बंद होण्याआधीच्या १२० दिवसांत नाव काढलेले. १२१ व्या दिवशी नाव काढले असेल तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही स्वतःहून सोडून गेलात.

संस्थेने बंद होण्याची तारीख जाहीर केली असेल, तर कॅलेंडर घेऊन १२० दिवस मागे मोजा आणि तो दिवस वहीत लिहा. त्याआधी नाव काढू नका. जायचेच असेल तर मंजूर रजा मागा आणि ती लेखी घ्या. तोंडी «हो, चालेल» पुढे कोणाला दाखवता येत नाही. तुमच्याशी बोललेला माणूस महिन्याभरात तिथे नोकरीलाही नसतो.

## टप्पा ३: संस्था उघडी असतानाच कागद गोळा करा

बंद पडणाऱ्या संस्थेत सगळ्यात आधी विद्यार्थी कार्यालय मंदावते, मग फोन उचलणे थांबते, मग सर्व्हर बंद होतो. सर्व्हर बंद झाला की तुमचे गुणपत्रक, फीची पावती आणि हजेरी एकदमच दिसेनाशी होतात. म्हणून याच क्रमाने घ्या:

1. अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांचे गुणपत्रक), दोन प्रती. एक बंद पाकिटातली. ती उघडू नका, उघडली की नवी संस्था घेत नाही. दुसरी स्वतः वाचायला.
2. प्रत्येक विषयाचा सिलॅबस. हा कागद बहुतेक जण विसरतात. नवी संस्था विषयाच्या नावावरून क्रेडिट देत नाही, किती तास आणि काय शिकवले ते पाहते. सिलॅबस नसेल तर अर्जदाराची बाजू लंगडी पडते.
3. फी खात्याचा उतारा. व्हीएने किती भरले, तुम्ही किती, वसतिगृहाचे किती, ते ओळीने दिसेल असा.
4. हजेरीचा पुरावा आणि शेवटच्या वर्गाची तारीख. वेल्डिंग, ट्रक चालवणे, वातानुकूलन दुरुस्ती असे तासांवर चालणारे अभ्यासक्रम असतील तर पूर्ण झालेल्या तासांची नोंद. तिथे क्रेडिट नसतात, प्रशिक्षणाचा वेळ वाया गेला का हे पाहतात.
5. बंद होण्याची सूचना. ईमेल असेल तर पाठवणाऱ्याचा पत्ता आणि तारीख दिसेल असे पीडीएफ करा.
6. स्कूल सर्टिफाइंग ऑफिसरने (विद्यार्थ्यांची नोंदणी व्हीएला कळवणारा संस्थेतला कर्मचारी) व्हीएला कळवलेल्या नोंदणीची प्रत. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती क्रेडिट. चुकीची तारीख असेल तर ती आत्ताच दुरुस्त करून घ्या, हे काम फक्त तेच करू शकतात.

संस्था आधीच बंद झाली असेल तर ट्रान्सक्रिप्टसाठी राज्याच्या उच्च शिक्षण खात्याकडे जा. जुन्या नोंदी कोणाकडे सोपवल्या हे तेच सांगतात. कॅलिफोर्नियात हे काम खासगी उच्च शिक्षणाचे ब्यूरो पाहते. स्वतःच्या खिशातून भरलेली फी बुडाली असेल तर तिथे विद्यार्थ्यांसाठी परतफेड निधीही आहे. तो व्हीएच्या लाभापेक्षा वेगळा, त्याचा अर्जही वेगळा.

> इशारा: संस्थेच्या ईमेल पत्त्यावर काहीही ठेवू नका. बंद होताच तो पत्ता जातो. सगळे आजच स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवा.

## टप्पा ४: आजचा शिल्लक लाभ नोंदवून ठेवा

व्हीएच्या संकेतस्थळावर लॉगिन करून लाभाचे विवरणपत्र उघडा. त्यात किती महिने, किती दिवस वापरले आणि किती उरले ते असते. त्याची प्रत तारखेसह ठेवा. परतफेडीनंतर आकडा खरेच वाढला का हे तपासायला दुसरा आधार तुमच्याकडे नसतो.

त्याच वेळी लाभ वापरण्याची मुदतही पाहा. १ जानेवारी २०१३ च्या आधी सेवेतून बाहेर पडलेल्यांना पोस्ट-९/११ जीआय बिल (११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सेवेवर मिळणारे) साधारणपणे १५ वर्षांत वापरावे लागते. त्या तारखेला किंवा नंतर बाहेर पडलेल्यांना ही मर्यादा नाही. मुदत जवळ आली असेल तर परत येणारे महिने वापरायला वेळ उरेल का, हे पुढचा हिशोब करण्याआधी पाहायला हवे.

## टप्पा ५: क्रेडिट वळते करण्याआधी हिशोब मांडा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होते, म्हणून इथे थांबा. नव्या संस्थेचा प्रवेश अधिकारी आनंदाने सांगतो, «तुमचे २४ क्रेडिट आम्ही घेतो.» ऐकायला छान वाटते. पण कलम १०२१ लागू होत असेल तर १२ हा आकडा तुमच्यासाठी उंबरठा आहे. ११ पर्यंत पूर्ण परतफेडीची शक्यता, १२ झाले की फक्त मोडलेल्या सत्राची.

एक उदाहरण आकड्यांत पाहा. एक सत्र साडेचार महिन्यांचे आणि पदवी १२० क्रेडिटची धरा. विद्यार्थ्याने दोन सत्रे पूर्ण केली: ९ महिने वापरले, २४ क्रेडिट मिळाले. तिसऱ्या सत्रात २ महिन्यांनी संस्था बंद पडली. एकूण ११ महिने गेले, ३६ पैकी २५ उरले.

वाट पहिली, २४ क्रेडिट वळते केले. मोडलेल्या सत्राचे २ महिने परत, शिल्लक २७. पदवीला ९६ क्रेडिट हवे. २७ महिन्यांत सहा सत्रे बसतात, म्हणजे दर सत्राला १६ क्रेडिट. एक विषय जरी नापास झाला किंवा सोडला तरी शेवटचे सत्र खिशातून.

वाट दुसरी, ११ क्रेडिट वळते झाले. सगळे ११ महिने परत, शिल्लक पुन्हा ३६. पदवीला १०९ क्रेडिट हवे, आठ सत्रे, दर सत्राला १३ ते १४. पैशाची चिंता कमी, पण आयुष्याचे जवळजवळ एक वर्ष जास्त.

नोकरी करत शिकणाऱ्या, घरात लहान मूल असलेल्या माणसाला आम्ही सहसा दुसरी वाट सुचवू, कारण १६ क्रेडिटचे सत्र सहा वेळा सलग झेपत नाही. ज्याला पदवी हातात घेऊन लवकर कामाला लागायचे आहे आणि ज्याचे विषय सोपे जातात, त्याला पहिली वाट योग्य. तुमचे आकडे वेगळे असतील. वरच्या ओळींत ते घालून कागदावर मांडा.

तीन गोष्टी या हिशोबात चुकतात:

- तुल्य अभ्यासक्रम. नवा अभ्यासक्रम जुन्याशी मिळताजुळता आहे का हा प्रश्न महत्त्वाचा. वातानुकूलन दुरुस्तीकडून लेखापालाच्या पदवीकडे गेलात तर तो तुल्य नाही.
- जुने शिक्षण लपवणे. जीआय बिलावरच्या विद्यार्थ्याचे आधीचे शिक्षण तपासणे नव्या संस्थेवर बंधनकारक आहे. ट्रान्सक्रिप्ट दडवून १२ पेक्षा कमी दाखवू नका. संस्थेने किती क्रेडिट दिले याचे मूल्यमापन लेखी मागा आणि तोच आकडा अर्जात लिहा.
- टीच-आउट. बंद पडणारी संस्था कधी कधी दुसऱ्या संस्थेशी करार करून तुमचा अभ्यासक्रम पूर्ण करून देते. त्यात सगळे क्रेडिट आपोआप वळते होतात. शेवटचे एखादे सत्र उरले असेल तर टीच-आउट घ्या. सुरुवातीच्या सत्रात असाल तर आधी वरचा हिशोब करा.

> इशारा: बंद पडलेल्या कॅम्पसच्या दाराशी दुसऱ्या संस्थांचे एजंट टेबल लावून बसतात. «आजच सही करा, जागा भरतायत» म्हणणाऱ्याच्या कागदावर त्या दिवशी सही करू नका. आधी ती संस्था व्हीएच्या जीआय बिल तुलना साधनात शोधा. तिथे मान्यता, फी आणि सावधगिरीच्या खुणा दिसतात.

## टप्पा ६: फॉर्म २२-०९८९ भरा

लाभ परत मागण्याचा फॉर्म हाच. तो आपोआप भरला जात नाही. संस्था बंद पडल्याची बातमी साऱ्या देशाला माहीत असली तरी तुमच्या वतीने व्हीए अर्ज करत नाही. फॉर्म मोफत आहे आणि तो भरून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून दूर राहा. मदत हवी तर अमेरिकन लीजन, व्हीएफडब्ल्यू, डीएव्ही यांसारख्या माजी सैनिक संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी ती विनामूल्य करतात.

भरताना:

1. संस्थेचे पूर्ण नाव आणि कॅम्पसचा पत्ता लिहा. साखळी संस्थांच्या एका शहरात दोन शाखा असतात, एक बंद आणि एक चालू. पत्ता नसेल तर अर्ज अडकतो.
2. अभ्यासक्रमाचे नाव ट्रान्सक्रिप्टवर आहे तसेच लिहा, बोलीतले नको.
3. बंद होण्याची तारीख आणि तुमची शेवटची हजेरी या दोन्ही वेगळ्या लिहा.
4. क्रेडिट वळते झाले का, किती आणि कुठे, हे नव्या संस्थेच्या लेखी मूल्यमापनाशी जुळवून लिहा. अजून कुठेच प्रवेश घेतला नसेल तर तसे लिहा.
5. शेरा लिहायच्या जागेत तीन-चार ओळींत घटनाक्रम द्या: नोंदणीची तारीख, मंजूर रजा किंवा नाव काढल्याची तारीख, बंद होण्याची तारीख. राग, व्यवस्थापनाची निंदा, अपेक्षाभंग हे सगळे खरे असले तरी इथे उपयोगाचे नाही.
6. टप्पा ३ मधल्या १, ४ आणि ५ क्रमांकाच्या कागदांच्या प्रती जोडा. मूळ कागद कधीही पाठवू नका.
7. सही आणि तारीख. सही विसरली की अर्ज परत येतो.

व्हीएच्या ऑनलाइन चौकशी सेवेतून फाइल जोडून पाठवणे टपालापेक्षा बरे, कारण मिळाल्याचा पुरावा लगेच हातात येतो. टपालाने पाठवाल तर पोचपावतीसह.

> तपासा: पाठवण्याआधी फॉर्ममधल्या तारखा, ट्रान्सक्रिप्टवरच्या तारखा आणि सर्टिफाइंग ऑफिसरने कळवलेल्या तारखा शेजारी ठेवून वाचा. तिन्ही जुळत नसतील तर का जुळत नाहीत ते शेऱ्यात लिहा.

## टप्पा ७: घरभाड्याची सोय

पोस्ट-९/११ जीआय बिलाचा मासिक घरभत्ता संस्था बंद पडताच त्याच दिवशी थांबायलाच हवा असे नाही. तो चालू सत्राच्या शेवटापर्यंत किंवा बंद झाल्यापासून ४ महिन्यांपर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर मिळू शकतो. सत्र संपायला तीन आठवडे उरले असतील तर तीन आठवडेच. पुढचे सत्र त्या आधी सुरू होत नसेल तर मधल्या महिन्यांची तजवीज आत्ताच करा.

दर महिन्याला फोनवर «अजून नोंदलेले आहात का?» असा संदेश येतो. संस्था बंद झाल्यावर सवयीने «हो» दाबू नका. आधी हेल्पलाइनला विचारा. चुकीच्या उत्तराची रक्कम नंतर कर्ज म्हणून परत मागितली जाते. आणि सलग दोन महिने उत्तरच दिले नाही तर भत्ता थांबतो.

नवी संस्था निवडताना भत्त्याचे दोन नियम डोक्यात ठेवा. सगळे वर्ग ऑनलाइन असतील तर भत्ता राष्ट्रीय सरासरीच्या निम्माच मिळतो. शिकण्याचा भार अर्ध्याहून जास्त नसेल तर भत्ता मिळतच नाही. म्हणून भार अर्ध्याहून जास्त ठेवा आणि निदान एक वर्ग प्रत्यक्ष हजेरीचा घ्या.

## टप्पा ८: नव्या संस्थेत नोंदणी

माजी सैनिकांनी संस्था किंवा अभ्यासक्रम बदलल्याचे फॉर्म २२-१९९५ वर कळवायचे असते. अवलंबितांनी आपल्याला कोणता फॉर्म लागतो ते हेल्पलाइनला विचारून घ्यावे. नव्या सर्टिफाइंग ऑफिसरला पहिल्याच भेटीत सांगा की जुनी संस्था बंद पडली आहे आणि २२-०९८९ पाठवला आहे. वळत्या क्रेडिटचा आकडा ते व्हीएला कळवतात, तो तुमच्या अर्जातल्या आकड्याशी जुळलाच पाहिजे.

## टप्पा ९: निर्णय आल्यावर

नवे विवरणपत्र उघडा आणि टप्पा ४ मध्ये जपलेल्या प्रतीशी ताडून पाहा. वरच्या उदाहरणातल्या विद्यार्थ्याला पूर्ण परतफेड झाली असेल तर २५ चे ३६ दिसायला हवेत. २७ दिसले तर फक्त मोडलेले सत्र धरले आहे. अशा वेळी पत्रातले कारण वाचा. बहुतेकदा नव्या संस्थेने १२ किंवा जास्त क्रेडिट कळवलेले असतात.

निर्णय पटत नसेल तर पत्राच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत पुनर्विचार मागा. नवा पुरावा असेल तर पूरक दावा, फॉर्म २०-०९९५. पुरावा तोच पण वाचण्यात चूक वाटत असेल तर वरिष्ठ फेरतपासणी, फॉर्म २०-०९९६. अपील मंडळाकडे जायचे तर फॉर्म १०१८२.

कर्जाचे पत्र आले तर घाबरून भरू नका आणि बाजूलाही ठेवू नका. रक्कम कशाची आहे ते आधी पाहा. पोस्ट-९/११ जीआय बिलात फीची जादा भरलेली रक्कम आता संस्थेकडून वसूल होते. घरभत्ता आणि पुस्तकांची रक्कम मात्र विद्यार्थ्याच्या नावावर पडते. रक्कम मान्य नसेल तर ३० दिवसांच्या आत लेखी हरकत घ्या, म्हणजे वसुली थांबते. मान्य असून परवडत नसेल तर एका वर्षाच्या आत माफीचा अर्ज करता येतो, त्याला आर्थिक स्थितीचा फॉर्म ५६५५ जोडावा लागतो.

शिवाय तुमच्या नावावर केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज असेल तर ते माफ करून घेण्याचा मार्ग शिक्षण खात्याचा आहे, व्हीएचा नाही. बंद होण्याआधी नाव काढण्याची तिथली मर्यादा १८० दिवसांची, इथली १२० ची. टीच-आउटमधून अभ्यासक्रम पूर्ण केला तर ती कर्जमाफी मिळत नाही. एका खात्याने होकार दिला म्हणून दुसरे देईल असे धरू नका. दोन्हीकडे स्वतंत्र अर्ज करा.